एका पोत्यात पाच टन शेवाळ

श्रावणात इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाला माणसं येतात ती धबधब्याचा आवाज ऐकायला. पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळते, अलीकडं नांदेड जिल्हा, पलीकडं यवतमाळ, आणि मधे उडणाऱ्या तुषारांत दोन्हीकडची माणसं भिजतात. पाण्याच्या रंगाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पावसाळ्यात नदी गढूळ असायचीच, त्यात काय बघायचं! पण त्या गढूळ पाण्याची बाटली भरून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी मऊ, लोण्यासारखा थर बसलेला दिसेल. ही कुणाच्या तरी रानातली वरची माती, पऱ्हाटीच्या आणि सोयाबीनच्या ओळींमधून निसटलेली. तिचे कण इतके बारीक, की त्यातले कित्येक मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतात. आणि त्या कणांना घट्ट चिकटून एक मूलद्रव्य प्रवास करत असतं: फॉस्फरस.

त्याचा प्रवास ऐकून मी तरी थक्क झालो होतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहत होता. सहस्रकुंडाचा कातळ त्याच लाव्ह्याचा. साधारण त्याच युगात, हजारो किलोमीटर दूर, आजच्या मोरोक्कोच्या जागी उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी माशांची हाडं, शार्कचे दात आणि असंख्य सूक्ष्मजीवांचे अवशेष थरावर थर साठत गेले. समुद्र हटला, थरांचा खडक झाला. जगातल्या फॉस्फेट खडकाच्या साठ्यांपैकी साधारण 70 टक्के साठे आज मोरोक्कोकडे धरले जातात. भारतात राजस्थानातल्या झामरकोटड्यासारख्या थोड्याच ठिकाणी असा खडक निघतो, त्यामुळं खडक, आम्ल किंवा तयार खत आपल्याला जहाजानं आणावंच लागतं. म्हणजे मृगाच्या तोंडावर इस्लापूरच्या कृषी केंद्रातून डीएपीचं पोतं उचलणारा शेतकरी बहुतेक वेळा परदेशातल्या एखाद्या पुराणसमुद्राचा तळ डोक्यावर घेऊन घरी जात असतो.

पेरलेल्या फॉस्फरसपैकी पहिल्या हंगामात पीक घेतं ते साधारण 15 ते 20 टक्के. उरलेला आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅल्शियमशी आणि मातीच्या कणांशी जखडून बसतो. तो सहजी विरघळत नाही, म्हणून पाण्याबरोबर वाहून जात नाही, असं वाटतं. पण माती वाहिली की तिच्या पाठीवर बसून तोही निघतो. नदीतून गेला तर पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. वाटेत तळं लागलं तर तिथंच थांबतो, कारण तळ्यात पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो.

अशी थांबण्याची ठिकाणं आपल्याकडं पुष्कळ. कंधारच्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखात ‘जगत्तुंगसमुद्र’ असं ज्याचं नाव येतं ते तळं आपल्याच जिल्ह्यातलं, हजार वर्षांपलीकडचं. 1972च्या दुष्काळात खडी फोडून, पाट्या वाहून मराठवाड्यानं कितीतरी पाझर तलाव बांधले. आपल्या आज्या-आजोबांनी त्या बांधांवर मजुरी केली. पैनगंगेवर वरच्या अंगाला इसापूरचं मोठं धरण आहे. (इसापूर आणि इस्लापूर यांत गल्लत करणारे पाहुणे दर वर्षी भेटतात.) पण या लेखापुरता मी विचार करतोय तो गावाबाहेरच्या लहान तळ्याचा. दहा हेक्टर पसरलेलं, सरासरी एक मीटर खोल. बगळे, पाणकावळे, म्हशी, कपडे धुणारे दगड आणि मच्छीमार सोसायटीनं सोडलेली कटला-रोहूची बोटुकली.

अशा तळ्यात एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी मावतं. तळं हिरवं व्हायला त्यात किती फॉस्फरस लागत असेल? तलावशास्त्रज्ञ ढोबळमानानं सांगतात, की लिटरमागं 30-35 मायक्रोग्रॅमच्या पुढं गेलं की तळं ‘अतिपोषित’ होऊ लागतं. गुणाकार करा. दहा कोटी लिटरला साधारण तीन किलो! 50 किलोच्या डीएपीच्या पोत्यात शुद्ध फॉस्फरस असतो दहा किलोच्या आसपास. सारं तळं बिघडवायला एका पोत्याचा तिसरा हिस्सा पुरतो, आणि त्या तळ्याच्या पाणलोटात शेकडो एकर रान असतं. या गणितावर माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता.

इतक्या थोडक्या वस्तूत एवढी ताकद कुठून येते? शेवाळाची वाढ म्हणजे पंगत समजा. भात, वरण, पोळ्या यांचे ढीग लागलेले आहेत, पण पत्रावळ्या दहाच. तर बसणारे दहाच. शेवाळाला लागणारा कार्बन हवेतून आणि पाण्यातून मिळतो, ऊन फुकट मिळतं, नायट्रोजनही कुठून ना कुठून येतो. कमी पडतो तो बहुधा फॉस्फरस. शेवाळाच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागं कार्बनचे सुमारे 106 अणू असतात. म्हणून एक किलो फॉस्फरस पाण्यात मोकळा झाला, की त्यावर सुमारे पाचशे किलो ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. एका पोत्यावर पाच टन. सगळं पोतं तळ्यात जात नाही हे खरं, पण तळ्याला सगळं पोतं लागतही नाही.

हे कागदावरचं गणित कॅनडातल्या डेव्हिड शिंडलर यांनी एका खऱ्या तळ्यात करून दाखवलं. ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तळ्यांपैकी 226 क्रमांकाचं तळं डमरूच्या आकाराचं. 1973 मध्ये त्यांनी डमरूच्या कमरेत जाड प्लॅस्टिकचा पडदा ताणून तळ्याचे दोन भाग केले. दोन्हीकडं कार्बन आणि नायट्रोजन टाकलं. फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. काही आठवड्यांत ती बाजू हिरवीगार झाली आणि पडद्यापलीकडचं पाणी होतं तसंच काळसर स्वच्छ राहिलं. विमानातून काढलेला तो फोटो पुढं जगभर गाजला. त्या वेळी कपडे धुण्याच्या पावडरमधला फॉस्फेट निर्दोष आहे, खरा दोषी कार्बन, असा युक्तिवाद जोरात होता. त्या एका फोटोनं जे केलं ते शंभर अहवालांना जमलं नसतं.

हिरव्या पाण्यातले जीव पाहिले तर नवल आणखी वाढतं. पृष्ठभागावर रंग सांडल्यासारखा जो पोपटी तवंग येतो, तो बऱ्याचदा खऱ्या शेवाळाचा नसून नील-हरित जीवाणूंचा असतो. यांच्या पूर्वजांनी अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या आसपास पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा प्राणवायू भरला. आपण श्वास घेतो तो त्यांच्या जिवावर. त्यांच्यातल्या काहींच्या पेशींत हवेच्या इवल्या पोकळ्या असतात. त्यांच्यामुळं ते उन्हाकडं वर येतात आणि जड झाले की खाली जातात. काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतःच पकडतात, त्यामुळं पाण्यात नायट्रोजन कमी असला तरी त्यांचं अडत नाही. आणि काही विष बनवतात. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं हिरवं पाणी पिऊन जनावरं मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी 1878 मध्येच ‘नेचर’मध्ये छापली होती. अलीकडं, ऑगस्ट 2014 मध्ये, अमेरिकेतल्या टोलेडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. मायक्रोसिस्टिन नावाचं हे विष उकळून जात नाही. आपल्याकडं पाणी उकळून घेतलं की काळजी मिटली असा समज घट्ट आहे. जंतूंच्या बाबतीत तो बरोबर, या विषाच्या बाबतीत नाही. पोपटी तवंगाच्या कडेला म्हैस पाण्यावर नेऊ नये, एवढं तरी प्रत्येक गुराख्याला माहीत असावं.

विष नसलं तरी हिरव्या तळ्यात मासे गुदमरतात. एक लिटर हवेत साधारण 280 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. 30 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम साडेसात. मासा आयुष्यभर या दारिद्र्यात जगतो, आणि पाणी जितकं तापेल तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात प्राणवायू ओततं. दुपारी हिरव्या तळ्यात तो गरजेपेक्षा जास्तही होतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ बाकीच्यांसारखं नुसता श्वास घेत राहतं. रात्रभर खर्च, जमा शून्य. पहाटे हिशेब तळाला जातो. म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडझाप करतात आणि सकाळी रोहू पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले दिसतात. गावात मग कुणी औषध टाकलं म्हणून वाद पेटतो. कधीकधी टाकलेलं असतंही. फवारणीचा पंप ओढ्यात धुतला तरी खालच्या डोहातले मासे मरू शकतात. पण पुष्कळदा गुन्हेगार बाहेरचा कुणीच नसतो. आभाळ दाटलेला दिवस, वारा पडलेला, पाणी हिरवं, एवढं पुरतं.

मेलेलं शेवाळ खाली पडतं आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवतं. इथं तळ्याच्या तळाशी एक विलक्षण व्यवहार सुरू होतो. त्याचा उलगडा क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या सरोवरांमध्ये 1941-42 च्या सुमारास केला. गाळात लोह असतं. प्राणवायू असेपर्यंत हे लोह फॉस्फरसला पकडून ठेवतं. प्राणवायू संपला की लोहाचं रूप बदलतं, पकड सुटते आणि वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. त्यावर नवं शेवाळ उगवतं, ते मरून खाली पडतं, पुन्हा प्राणवायू संपतो. बाहेरून येणारं सांडपाणी उद्या पूर्ण बंद केलं तरी तळं स्वतःच्या पोटातला साठा खात कित्येक वर्षं हिरवं राहू शकतं. अमेरिकेतल्या सिएटलचं वॉशिंग्टन सरोवर खोल होतं. 1960 च्या दशकात त्यात येणारं सांडपाणी वळवल्यावर ते थोड्याच वर्षांत निवळलं. आपल्या उथळ तळ्यांचं नशीब एवढं चांगलं नसतं, कारण त्यांच्यात पाणी थोडं आणि गाळ फार.

कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. रंकाळ्यात नाल्यांचं पाणी शिरत राहिलं आणि कधी जलपर्णीनं, कधी हिरव्या दाट तवंगानं तो झाकला गेला. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत नाव आलं, नाले वळवायची कामं झाली, तरी प्रश्न पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिला. इथं नांदेडच्या गोदावरीत उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णी हीसुद्धा त्याच जेवणावर पोसलेली. नदीला बंधारा घातला की तिचंही तळं होतं. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येऊन मुरतं. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात आज चिलापीच चिलापी. ही मूळची आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आणलेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लं जगतात, आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तिचं चालून जातं. उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला येणारे मात्र पाण्याकडं बघत नाहीत. रोहित उभे आहेत म्हणजे पाणी चांगलं, हा निष्कर्ष फार घाईचा.

विसर्जनाबद्दलही बोलायला हवं, नाही तर लेख अपुरा वाटेल. प्लॅस्टर ऑफ पॅरिस लवकर विरघळत नाही, रंगांत जड धातू असू शकतात, निर्माल्य कुजताना प्राणवायू खातं. हे सगळं खरं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची त्यावर 2010 पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2020 मध्ये ती सुधारली गेली. पण माझं मत विचाराल तर खेड्यातल्या तळ्याचा मोठा घोटाळा भाद्रपदात होत नाही, तो आषाढातच होऊन गेलेला असतो. मूर्ती दिसते म्हणून तिची बातमी होते. उताराच्या रानातून पहिल्या मोठ्या पावसात निघालेल्या मातीची बातमी कोण करणार?

आता तळ्याच्या दुसऱ्या बाजूला. सगळीच तळी हिरवी का होत नाहीत? उथळ तळ्याला जगण्याच्या दोन रीती असतात. एक, नितळ पाणी आणि तळाशी पाणवनस्पतींचं रान. दुसरी, गढूळ-हिरवं पाणी आणि तळ उघडाबोडका. नितळ तळ्यात या वनस्पती गाळ धरून ठेवतात, लाटा मोडतात आणि पाणपिसवांना आसरा देतात. पाणपिसू म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान, झटके देत पोहणारा जीव. दिवसा माशांपासून लपतो, रात्री वर येऊन शेवाळ गाळून खातो. फॉस्फरस थोडा वाढला तरी हे सगळे मिळून तळं नितळ ठेवतात, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडलंय असं वाटतच नाही. मग एखाद्या वर्षी पाण्याखालच्या वनस्पतींना ऊन पोचेनासं होतं. त्या मरतात, गाळ उठतो, पाणपिसवांचा आसरा जातो, आणि बघता बघता तळं दुसऱ्या रीतीवर उलटतं. उलटल्यावर परत आणणं फार अवघड. फॉस्फरस जिथं असताना ते बिघडलं, त्याच्या बराच खाली आणावा लागतो. तळ उकरून खाणारे सायप्रिनससारखे मासे जास्त सोडले असतील तर त्याहून कठीण, कारण ते गाळ बसूच देत नाहीत.

हे उलटं वळवण्याचा मला सगळ्यात आवडलेला प्रयोग पूर्व विदर्भातला. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांमध्ये ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मनीष राजनकर यांनी बेशरमाची झुडपं उपटली, तळाची जमीन मोकळी केली आणि ढिवरांच्या माहितीतल्या देशी पाणवनस्पती हातानं लावल्या. कुठला मासा कुठल्या वनस्पतीत अंडी घालतो, कुठला पक्षी कशावर बसतो, हे ज्ञान त्यांच्याकडं आधीपासून होतं. कुणी विचारलं नव्हतं इतकंच. देशी मासे परतले.

तळ्याची तब्येत मोजायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. 1865 मध्ये आंजेलो सेकी या इटलीतल्या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून एक पांढरी तबकडी दोरीनं समुद्रात सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजली. तीच पद्धत आजही चालते. इस्लापूरच्या शाळेतली मुलं पांढरा रंग दिलेल्या थाळीला दगड बांधून, मास्तरांसोबत होडीतून, दर पंधरा दिवसांनी हे करू शकतील. पावसाळ्यात थाळी लवकर दिसेनाशी होईल ती मातीमुळं. दिवाळीनंतर माती बसल्यावरही वीतभर पाण्यात नाहीशी होत असेल आणि पाणी हिरवट असेल, तर कारण दुसरं आहे, हे मुलांना आपलं आपणच कळेल.

आणि मराठवाड्याच्या तळ्यांना एक संधी मिळते जी कॅनडाच्या तळ्यांना मिळत नाही: ती आटतात. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा कितीतरी तलावांचा तळ उघडा पडला होता. तो दुष्काळ पुन्हा नको. पण उघड्या तळातून ट्रॅक्टरनं गाळ निघाला, की तळ्याच्या पोटातला साठाच बाहेर पडतो. 2017 मध्ये सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना पाणीसाठा वाढवण्यासाठी ओळखली जाते; तिचा हा दुसरा फायदा फारसा कुणी मोजत नाही. किलोभर गाळात अर्धा ग्रॅम फॉस्फरस धरला तर तीन टनांच्या ट्रॉलीत दीड किलो. दोन ट्रॉल्यांत तीन किलो, म्हणजे आपलं दहा हेक्टरचं तळं हिरवं करायला लागतो तेवढा. आणि तो जातो कुठं? जिथून आला त्याच रानात. मोरोक्कोहून पुन्हा मागवण्याआधी.

मात्र गाळ काढायचीही रीत असते. ओढा जिथं तळ्यात शिरतो त्या तोंडाशी गाळ सगळ्यात जास्त, तिथून सुरुवात करावी. मुरूम लागला की थांबावं, नाहीतर तळं पाणी धरायचं सोडतं. उथळ कडेचा एखादा पट्टा गवत-वनस्पतींसह तसाच ठेवावा, पाणपिसवा आणि बेडूक तिथूनच परत पसरतात. गाळपेरीत कलिंगड-काकडी लावणाऱ्यानं त्या ओल्या तळावर खताचं पोतं फोडू नये; तिथं आधीच भरपूर आहे. आणि काढलेला गाळ मृगाच्या आत रानात पांगवून टाकावा. बांधावर ढीग करून ठेवला तर पहिल्याच पावसात तो परत आत येतो.